‘शेतकरी’ मोजायचा कसा? अर्थसंकल्पाची भाषणं संगणकाकडून वाचून घेण्याची रीत

मार्च उजाडला की अर्थमंत्री विधानसभेत उभे राहतात, एखादा अभंग किंवा कवितेच्या दोन ओळी म्हणतात आणि मग तासभर कोटींचे आकडे वाचत राहतात. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळे येतात. कुठे ‘बळीराजाला दिलासा’, कुठे ‘शेतकऱ्यांच्या तोंडाला पाने पुसली’. भाषण एकच, मथळे दोन. आपण आपल्या कलाप्रमाणे त्यातला एक खरा मानतो आणि चहा पितो.

पण भाषणाचा मजकूर राज्याच्या वित्त विभागाकडून प्रसिद्ध होतो, तोही मराठीत, वर्षानुवर्षं. तो गोळा करून, स्वच्छ करून, मोजून बघता येतो. राजकीय भाषणांचा असा संगणकाने अभ्यास करणं इंग्रजीत आता नेहमीचं झालंय. मराठीत करायला बसलं की मात्र इंग्रजी पुस्तकांत कधीच न आलेल्या अडचणी येतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा गणिताच्या नसून काना-मात्रा-वेलांटीच्या असतात. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे. पायथन किंवा आर ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीफार येत असेल तर उत्तम. येत नसेल तरी साधा एडिटर आणि स्प्रेडशीट घेऊन निम्मं काम होतं.

## प्रश्न आधी, डेटा नंतर

‘भाषणं गोळा केलीत, आता यातून काय निघेल?’ असं विचारत सुरुवात केली तर काहीही निघतं. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकेल.

माझा प्रश्न हा: अर्थसंकल्पाच्या भाषणात सरकार शेतकऱ्याकडे कसं बघतं? पिकवणारा म्हणून, मदत घेणारा म्हणून, की योजनेच्या नावातला एक शब्द म्हणून? आणि सरकार बदललं की ही नजर बदलते का?

हा प्रश्न हवेतला नाही. २०१७ साली फडणवीस सरकारने आणलेली योजना ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’. २०१९च्या डिसेंबरात ठाकरे सरकारने जाहीर केलेली ‘महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना’. एकीत सन्मान, दुसरीत मुक्ती. ‘माफी’ दोन्हींच्या नावात नाही, बोलताना मात्र पारावरचा म्हातारा आणि टीव्हीवरचा अँकर दोघंही कर्जमाफीच म्हणतात. माफी गुन्हेगाराला असते, शेतकऱ्याने कोणता गुन्हा केला, हा शेतकरी चळवळीतला जुना युक्तिवाद. एका शब्दात एवढं राजकारण भरलेलं असतं. २०१७ची ‘मी लाभार्थी’ ही सरकारी जाहिरात आठवत असेल, तर ‘लाभार्थी’ या शब्दाबद्दलही हेच म्हणता येईल.

## कोणती भाषणं घ्यायची

२०१५ ते २०२५ हा काळ मला सोयीचा वाटतो. २०१५ ते २०१९ सुधीर मुनगंटीवार, २०२० ते २०२२ अजित पवार, २०२३ला देवेंद्र फडणवीस, आणि २०२४-२५ला पुन्हा अजित पवार. यातली गंमत लक्षात आली ना? अजित पवारांनी आधी महाविकास आघाडीचा अर्थसंकल्प मांडला आणि मग महायुतीचा. माणूस तोच, सरकार वेगळं. असा योग अभ्यासकाला विकत घेऊन मिळत नाही. शब्द माणसाबरोबर बदलतात की सरकारबरोबर, हे इथे ताडून बघता येतं.

अर्थात भाषण मंत्री वाचतात, मसुदा मात्र वित्त विभागातले अधिकारी तयार करतात, आणि प्रत्येक खातं आपापला परिच्छेद पाठवतं. त्यामुळे ‘अमुक मंत्र्यांची शैली’ असा निष्कर्ष काढायला जाऊ नका. आपण मोजतोय ती सरकारची भाषा.

यादी करताना तीन ठिकाणी पाय घसरतो. लोकसभा निवडणुकीच्या वर्षी दोन भाषणं होतात: २०१९ला फेब्रुवारीत अंतरिम आणि जूनमध्ये दुसरं, २०२४ला २७ फेब्रुवारीला अंतरिम आणि २८ जूनला अतिरिक्त. ‘दर वर्षी एक’ असं गृहीत धरलंत तर लाडकी बहीण योजना ज्यात जाहीर झाली ते जूनचं भाषणच हातून सुटेल. दुसरं, अर्थमंत्री विधानसभेत वाचतात तेच भाषण विधान परिषदेत दुसरे मंत्री वाचतात. दोन्ही सभागृहांच्या कार्यवाहीतून मजकूर उचललात तर एकच भाषण दोनदा मोजाल. तिसरं, भाषणातला करप्रस्तावांचा भाग वेगळ्याच भाषेत असतो. तो वेगळ्या फाइलीत ठेवा.

प्रत्येक भाषणाची एक फाइल, आणि सोबत एक तक्ता: तारीख, मंत्री, सरकार, अंतरिम की पूर्ण, फाइल कुठून घेतली. मूळ पीडीएफ जशीच्या तशी वेगळ्या फोल्डरात. तिला पुन्हा हात लावायचा नाही.

## पीडीएफ उघडल्यावर

आता खरं काम. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून एडिटरमध्ये चिकटवा. तीनपैकी एक गोष्ट होईल.

इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसला तर मजकूर जुन्या फाँटात आहे, युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत रुळण्याआधीच्या. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी हे सगळे त्या काळातले. त्यांच्यासाठी फाँट-परिवर्तक मिळतात, पण नेमका फाँट ओळखावा लागतो. एकाचा परिवर्तक दुसऱ्याला लावला की जोडाक्षरांचा काला होतो.

मराठी दिसली तर लगेच खूश होऊ नका. नीट वाचा. ‘निधी’च्या जागी ‘ननधी’, ‘विकास’च्या जागी ‘ववकास’, ‘जिल्हा’च्या जागी ‘जजल्हा’ आणि ‘दिला’च्या जागी ‘ददला’ असं दिसतंय का? हा पीडीएफचा जुनाट रोग आहे. पडद्यावर ऱ्हस्व वेलांटी बरोबर दिसते, पण फाइलीच्या पोटात तिची नोंद चुकीची असते, आणि कॉपी करताना वेलांटीऐवजी तेच अक्षर दोनदा उमटतं. ‘दोन सारखी अक्षरं दिसली की पहिल्याला वेलांटी’ असा सरसकट नियम लावलात तर ‘ममता’ची ‘मिता’ होईल आणि ‘ननंद’ही वाचणार नाही. दुरुस्त केलेला शब्द शब्दकोशात असेल आणि मूळ नसेल, तेव्हाच बदल करा. रोग फार पसरलेला असेल तर कॉपी करायचं सोडा, पानांची चित्रं करा आणि ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारी प्रणाली, लावा.

तिसरी शक्यता म्हणजे पान स्कॅन केलेलं आहे आणि काहीच कॉपी होत नाही. तिथे ओसीआरशिवाय इलाज नाही. टेसरॅक्ट हे ओसीआर फुकट आहे आणि त्यात मराठीचं प्रारूप (मॉडेल) आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ या जोड्यांत ते चुकतं, आणि अनुस्वाराचा ठिपका धुळीचा कण समजून टाकून देतं. ‘शेतकऱ्यांना’मधला अनुस्वार गेला की अनेकवचनच गेलं.

ओसीआर किती बरोबर, हे अंदाजाने सांगू नका. वेगवेगळ्या भाषणांतली पाच पानं घ्या, हाताने टाइप करा आणि संगणकाच्या मजकुराशी शब्दाला शब्द लावून बघा. शंभर शब्दांत किती चुकले, हा आकडा लेखात लिहा. हे कंटाळवाणं आहे, पण ते टाळून केलेल्या सुंदर आलेखापेक्षा ही पाच पानं मला जास्त विश्वासार्ह वाटतात.

## एकच शब्द, दोन स्पेलिंगं, डोळ्यांना दिसत नाहीत

मजकूर मिळाला. आता ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधा. चाळीस वेळा सापडला म्हणू. पण त्याच फाइलीत तो ‘शेतकर्‍यांना’ असाही असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र पहिल्यात ‘ऱ’ हे खालच्या टिंबाचं स्वतंत्र अक्षर दिसतं, आणि दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य चिन्ह. इंग्रजी मार्गदर्शक सांगतात की अदृश्य चिन्हं हा कचरा आहे, आधी पुसा. ते ऐकून पुसलंत तर ‘शेतकर्‍यांना’चं ‘शेतकर्यांना’ होतं, म्हणजे रफार थेट ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि तुमच्याकडे आता त्या शब्दाचं एक चुकीचंच रूप आलं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी ‘र, हलन्त, जॉइनर’ या तिकडीचं ‘ऱ, हलन्त’ करा, आणि मगच उरलेले जॉइनर पुसा. ‘ॲ’चंही तसंच. ‘ॲप’मधला ‘ॲ’ एकसंध अक्षर असतो, ‘अ’वर चंद्र देऊन केलेला असतो, मध्ये जॉइनर घातलेलाही असतो. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण ‘र’ आणि नुक्ता (खालचं टिंब) जोडून ‘ऱ’ करून देतं, पण ‘अ’ आणि चंद्र जोडून ‘ॲ’ करत नाही. ते तुम्हालाच करावं लागतं.

मग उरतात माणसांनी केलेले फरक. जोतिराव, जोतीराव, ज्योतिराव. ‘हिंदी’ आणि ‘हिन्दी’. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे. यांची एक बदलयादी करा, डावीकडे सापडलेलं रूप, उजवीकडे ठरवलेलं. यादी वाढत जाते, वाढू द्या. ती जपून ठेवा, पुढच्या माणसाचे दोन आठवडे वाचतील.

## ‘विकास’ नाहीसा होतो तेव्हा

पहिल्यांदा मी हे सगळं करून पायथनच्या सायकिट-लर्नमधल्या काउंटव्हेक्टरायझर या शब्द मोजणाऱ्या औजाराला मजकूर दिला आणि सर्वाधिक वापरलेले शब्द मागितले. वरच्या शब्दांत ‘जन’ होता. मला भारी वाटलं. सरकार जनतेबद्दल किती बोलतंय! खाली ‘तकर’ दिसला. त्याने शंका आली.

झालं होतं असं. त्या यंत्राच्या मूळ ठेवणीत ‘शब्द म्हणजे सलग दोन किंवा जास्त अक्षरं’ असा नियम आहे आणि पायथनच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही अक्षरंच नाहीत. ती विरामचिन्हासारखी शब्द तोडतात. ‘शेतकरी’तला ‘श’ एकटा पडला म्हणून गळला, ‘तकर’ उरला. ‘योजना’तला ‘य’ गळला, ‘जन’ उरला. ‘महाराष्ट्र’चा ‘मह’ झाला, ‘सरकार’चा ‘सरक’. ‘भाजप’ घातलंत तर ‘जप’ मिळेल. आणि ‘विकास’? व, क, स अशी तीन सुटी अक्षरं, तिन्ही गळाली. अर्थसंकल्पाच्या भाषणातून विकास समूळ नाहीसा झाला आणि यंत्राने चूक झाल्याचं अवाक्षर काढलं नाही. यावर विरोधी पक्षाचा एक आमदार अर्धा तास बोलू शकेल.

उपाय सोपा आहे. शब्दाची व्याख्या आपण द्यायची: देवनागरीच्या युनिकोड पट्ट्यातल्या चिन्हांची सलग माळ, त्यातून दंड वगळून. किंवा मोकळ्या जागेवर तोडून कडेची विरामचिन्हं छाटायची. आरमधलं क्वांटेडा हे औजार युनिकोडच्या नियमांनी शब्द तोडतं, तिथे हा घोळ होत नाही. काही वापरलंत तरी पहिल्या पन्नास शब्दांची यादी छापा आणि मोठ्याने वाचा. ‘तकर’ कानाला लगेच खटकतो.

वाक्य तोडतानाही जपा. ‘रु.’, ‘डॉ.’, ‘क्र.’ यातल्या टिंबावर वाक्य संपत नाही. मी वाक्याऐवजी परिच्छेद हे मोजणीचं एकक धरतो आणि प्रत्येकाला स्वतः क्रमांक देतो, म्हणजे मागे जाता येतं.

## शेतकरी, शेतकऱ्याला, शेतकऱ्यांसाठीच्या

मराठीत शब्द एकटा फिरत नाही. प्रत्यय लागला की शब्दाचं सामान्यरूप होतं, ‘शेतकरी’चा ‘शेतकऱ्या’, आणि त्याला ना, चा, साठी, कडून, पर्यंत असं काहीही चिकटतं. एवढंच नाही, प्रत्यय लागताना शब्दाच्या आतली वेलांटीही बदलते. ‘बहीण’ दीर्घ, पण ‘बहिणींना’ ऱ्हस्व. ‘लाडकी बहीण’ शोधणाऱ्याला ‘लाडक्या बहिणींना’ सापडतच नाही. ‘वीज’चं ‘विजेचा’, ‘मूल’चं ‘मुलांना’, ‘पाणी’चं ‘पाण्यासाठी’.

यावर तयार औजारं आहेत. स्टॅन्झामध्ये मराठीचं प्रारूप आहे, पण ते फार लहान नमुन्यावर शिकलेलं आहे, सरकारी मराठीत ते गोंधळतं. माझं मत असं की प्रश्न ठरलेला असेल तर सगळ्या शब्दांची मुळं शोधायच्या भानगडीत पडू नये. प्रश्नाला लागणारे पंचवीस-तीस शब्द घ्यावेत आणि त्यांची रूपं स्वतः लिहावीत. ‘शेतकरी’साठी ‘शेतकर’ आणि ‘शेतकऱ’ या दोन सुरुवाती पुरतात. ‘शेतक’ एवढंच दिलंत तर ‘शेतकी’ही आत येतं आणि ‘शेतकाम’ही. बहिणीसाठी ‘बहीण’ आणि ‘बहिण’. बळीराजा जोडूनही लिहितात, तोडूनही.

काही शब्द असे की त्यांना रूपांनी सोडवता येत नाही. ‘कर’ घ्या. व्यवसाय कर, ‘घोषणा कर’मधला कर, आडनावांच्या शेवटचा कर, कवितेतला हात. तिथे शेजारचे शब्द बघावे लागतात.

आणि योजनांची नावं! ‘नमो शेतकरी महासन्मान निधी योजना’ एका भाषणात सहा वेळा आली की ‘शेतकरी’ सहाने वाढतो, ‘सन्मान’ही तसाच फुगतो. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’मुळे ‘मुख्यमंत्री’ वाढतात. इथे शेतकऱ्याबद्दल काही बोललं गेलेलं नाही, पाटी वाचली गेलीय. म्हणून मोजणीआधी योजनांच्या नावांची यादी करून प्रत्येक नाव जोडचिन्हाने बांधून एकच शब्द करायचा. माझ्या प्रश्नातला ‘योजनेच्या नावातला शेतकरी’ हा तिसरा प्रकार याच पायरीवर हाताला लागतो. किती शेतकरी पाटीवर आणि किती वाक्यात, हे प्रमाण स्वतंत्रपणे नोंदवा.

## ‘करण्यात येईल’ फेकू नका

मोजणीआधी ‘आहे, आणि, व, या, येईल’ असे किरकोळ शब्द गाळायचा सल्ला सगळीकडे मिळतो. सरकारी मराठीसाठी तो निम्मा चुकीचा आहे.

अमेरिकेत १७८७-८८ साली राज्यघटनेच्या बाजूने टोपणनावाने लेखमाला निघाली. तिच्यातले १२ लेख हॅमिल्टन आणि मॅडिसन या तिच्या लेखकांपैकी कोणाचे, यावर पुढे दीर्घ वाद चालला. मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ साली तो सोडवला तो ‘अपॉन’सारख्या क्षुल्लक शब्दांच्या जोरावर. हॅमिल्टन तो सढळ वापरायचा, मॅडिसन जवळजवळ नाहीच. लेख मॅडिसनच्या पदरात पडले. मोठे शब्द विषयाबरोबर बदलतात, छोटे शब्द सवयीने येतात.

आपल्याकडचं ‘अपॉन’ म्हणजे ‘करण्यात येईल’. अर्थसंकल्पाचं भाषण या कर्मणी रचनेवर उभं असतं. निधी ‘उपलब्ध करून देण्यात येईल’, केंद्र ‘उभारण्यात येणार आहे’, अनुदान ‘वितरित करण्यात आले आहे’. कोण करणार, ते वाक्यात नसतं. आता यांचे दोन ढीग करा. एकात ‘येईल’, ‘येणार’, ‘प्रस्तावित आहे’, म्हणजे वायदा. दुसऱ्यात ‘आले आहे’, ‘आली’, ‘झाले’, म्हणजे हिशेब. शेतकऱ्याच्या परिच्छेदांत वायदा आणि हिशेब यांचं प्रमाण काय, आणि रस्त्यांच्या परिच्छेदांत काय? कोणतीही क्लिष्ट पद्धत न वापरता याएवढा बोलका आकडा मला दुसरा मिळालेला नाही. ‘मी घोषणा करतो’ असं कर्ता पुढे आणणारं वाक्य कुठे येतं, तेही टिपा. श्रेय घ्यायचं असतं तिथे कर्मणी प्रयोग गळून पडतो का, ते त्यातून कळतं.

## मोजणी

कच्चे आकडे तुलनेला चालत नाहीत, कारण अंतरिम भाषण आखूड असतं. हजार शब्दांमागे किती, असं काढा. समजा, अ सरकारच्या भाषणांत ८०,००० शब्द आणि ‘बळीराजा’ २४ वेळा. ब सरकारच्या ६०,००० शब्दांत ९ वेळा. हजारी ०.३० आणि ०.१५. दुप्पट! पण त्या २४पैकी १५ एकाच भाषणातल्या एकाच परिच्छेदात असतील तर ती सरकारची भाषा नाही, एका मसुदाकाराला आलेला भर आहे. म्हणून शेजारी ‘किती भाषणांत आला’ हा रकाना ठेवा.

दोन सरकारांना वेगळं करणारे शब्द शोधायचे तर नुसत्या गुणोत्तराने दुर्मीळ शब्द वर येतात. एकदाच आलेलं गावाचं नाव ‘सर्वात वेगळा शब्द’ ठरतं. मन्रो, कोलारेसी आणि क्विन यांनी २००८ साली सुचवलेली लॉग-ऑड्सची पद्धत इथे कामाला येते. तिचा गाभा असा की एकूण मजकुरातलं शब्दाचं प्रमाण आधीच तराजूत टाकायचं, म्हणजे एक-दोनदा आलेल्या शब्दाला उडी मारता येत नाही.

कॅलेंडरही विसरू नका. २०२१चा अर्थसंकल्प ८ मार्चला, म्हणजे जागतिक महिला दिनी मांडला गेला आणि राजमाता जिजाऊ गृहस्वामिनी योजना त्यातच जाहीर झाली. त्या वर्षी ‘महिला’ वाढलेली दिसली तर धोरण बदललं म्हणायच्या आधी तारीख बघा. तसंच २०२२चं ‘पंचसूत्री’ आणि २०२३चं ‘पंचामृत’. प्रत्येक वर्षाचं एक घोषवाक्य असतं, ते त्या वर्षीच्या यादीत डोकं वर काढणारच. त्यात शोध काही नाही.

## आकड्याकडून वाक्याकडे

प्रत्येक आकड्यामागची वाक्यं वाचायचीच. शब्द मधोमध ठेवून दोन्ही बाजूंचे सात-आठ शब्द दाखवणारी यादी कोणत्याही औजारात मिळते. नमुन्यादाखल मीच रचलेल्या तीन ओळी बघा:

‘अवकाळी पावसाने बाधित शेतकऱ्यांना मदत वितरित करण्यात आली आहे’
‘राज्यातील शेतकऱ्यांनी विक्रमी उत्पादन घेऊन देशात नाव मिळवले’
‘शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत पाणी पोहोचवण्यात येईल’

पहिलीत तो घेणारा, दुसरीत करणारा. तिसरीत? पाणी त्याच्यापर्यंत येतंय, म्हणून घेणारा म्हणावं, तर ती पायाभूत सुविधा आहे, मदत नाही. एक सोपी खूण मराठीच देते: ‘ना’ लागलेला शेतकरी बहुधा घेतो, ‘नी’ लागलेला बहुधा करतो. प्रत्ययांवरून पहिली वाटणी करता येते, जी इंग्रजीत एवढ्या सहज मिळाली नसती. इतके दिवस छळणारी विभक्ती इथे उपयोगी पडते. पण ‘शेतकऱ्यांना विनंती आहे’ या वाक्यात तो काही घेत नाही, म्हणून शेवटी माणूस लागतो.

त्यासाठी २०० वाक्यं यादृच्छिक उचला. दोघांनी एकमेकांना न विचारता खुणा करायच्या. समजा २००पैकी १६० ठिकाणी एकमत झालं. ऐंशी टक्के ऐकायला छान. पण पहिल्याने १२० वाक्यं ‘घेणारा’ म्हटली असतील आणि दुसऱ्याने ११०, तर नुसत्या योगायोगानेही एकमत होतंच: ०.६० गुणिले ०.५५ अधिक ०.४० गुणिले ०.४५, म्हणजे ०.५१. कोहेनचा कप्पा तो योगायोग वजा करतो: (०.८० उणे ०.५१) भागिले (१ उणे ०.५१), साधारण ०.५९. तितकंसं छान नाही. म्हणजे तिसऱ्या ओळीसारखी वाक्यं बरीच आहेत आणि व्याख्या ढिली आहे. एकत्र बसा, भांडा, नियम लिहा, आणि नवी २०० वाक्यं घ्या. जुन्याच वाक्यांवर पुन्हा खुणा करून कप्पा वाढवणं म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षा देणं.

## मोठी यंत्रं

टॉपिक मॉडेल, म्हणजे एकत्र येणाऱ्या शब्दांवरून विषय शोधणारं यंत्र, तेरा भाषणांवर चालवू नका, परिच्छेदांवर चालवा. तेही तीन-चार वेळा वेगवेगळ्या सुरुवातीने चालवून बघा, दर वेळी विषय बदलत असतील तर त्यांना नावं देण्यात अर्थ नाही. भाषणांना डावीकडून उजवीकडे एका रेषेवर मांडणारी वर्डफिशसारखी पद्धत इथे बहुधा काळ मोजेल, विचारसरणी नाही. २०२१च्या भाषणात ‘कोविड’ आहे आणि २०१६च्या नाही, यंत्राला तेवढा फरक पुरतो.

पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने मराठीसाठी महाबर्ट हे भाषा-प्रारूप आणि त्याच्या आगेमागे बरंच काही खुलं केलं आहे. सुमारे १६ हजार ट्विटांचा भावनांच्या खुणांसह केलेला संच त्यात आहे. ट्विटांवर काम करणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. अर्थसंकल्पाला भावना-मापन लावू नये, कारण तिथे सगळंच सकारात्मक असतं. दुष्काळाचा परिच्छेदही ‘मदत’ शब्दावर संपतो.

वरच्या दोनशे-दोनशे खुणा केलेल्या वाक्यांवर महाबर्ट शिकवून उरलेली वाक्यं त्याच्याकडून वाटून घेता येतात. चॅटजीपीटीसारख्या मोठ्या भाषा-प्रारूपाला मराठीत सूचना देऊनही होतं. मात्र काही खुणा केलेली वाक्यं बाजूला लपवून ठेवा आणि यंत्राची परीक्षा त्यांच्यावरच घ्या. सूचनेचा नेमका मजकूर, प्रारूपाची आवृत्ती आणि तारीख लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी तेच यंत्र वेगळं उत्तर देतं.

शेवटी लेख लिहाल तेव्हा आलेखाबरोबर बदलयादी, शब्दरूपांची यादी, योजनांची नावं आणि कप्पाचे दोन्ही आकडे, पहिला वाईट आणि दुसरा बरा, हे सगळं ठेवा. कोणी म्हणेल, ‘तुम्ही शेतमजूर धरलाच नाही.’ त्याला यादी द्या, तो धरून पुन्हा मोजेल. पुढच्या मार्चमध्ये नवं भाषण आलं की तेही त्याच फोल्डरात जाईल. टाकण्याआधी फक्त पीडीएफमधून ‘निधी’ हा शब्द कॉपी करून बघा.